हळकुंड आणि छापील पुरावा

हैदराबादच्या बेगम बाजारात दुकाने दिसण्यापूर्वी मसाल्यांचा वास येतो. दुसरा निजाम अली खान याची पत्नी हमदा बेगम हिने व्यापाऱ्यांना दिलेल्या जमिनीवर ही पेठ वसली, असे सांगतात. निजामाबादसारखा हळदीचा जिल्हा पाठीशी असल्याने येथे हळकुंडांच्या पोत्यांचे अप्रूप कोणालाच नाही. आणि कापले, भाजले तर जखमेवर हळद दाबावी, हे या पेठेतल्या हमालाला कोणी शिकवावे लागत नाही.

नेमक्या याच ज्ञानावर २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेत पेटंट दिले गेले. क्रमांक ५४०१५०४. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन भारतीय वंशाच्या संशोधकांनी जखम भरण्यासाठी हळदपूड पोटात देण्याची व वरून लावण्याची पद्धत आपला शोध म्हणून मांडली होती. ‘अमेरिकेने हळद पळविली’ अशी ओरड त्या वेळी झाली, ती तितकीशी अचूक नव्हती. पेटंट हळदीवर नव्हते, तिच्या एका उपयोगावर होते; शिवाय पेटंटाचा अंमल ज्या देशात ते दिले त्या देशापुरताच असतो. बेगम बाजारातील एकही पोते त्यामुळे अडले नसते. परंतु अमेरिकेत त्या उपयोगासाठी हळद विकू पाहणाऱ्याला मात्र परवानगी मागावी लागली असती.

हे घडले कसे? त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार एखादी गोष्ट अमेरिकेत माहीत वा वापरात असेल, तर तिचे नावीन्य संपे. परदेशातील केवळ वापर मात्र जमेस धरला जात नसे. तेथील ज्ञान पेटंटात किंवा छापील प्रकाशनात आलेले असावे लागे. म्हणजे आजीच्या हळदीला तेथे साक्षीदार म्हणून उभे राहण्याचा अधिकारच नव्हता.

डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये या पेटंटाच्या फेरतपासणीची मागणी केली आणि ३२ संदर्भ सादर केले. त्यांत जुने संस्कृत, हिंदी व उर्दू ग्रंथ होते. भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने सहाही दावे अमान्य केले. विकसनशील देशाच्या पारंपरिक ज्ञानावर दिलेले पेटंट अशा रीतीने रद्द झाल्याचे हे पहिले ठळक उदाहरण मानले जाते. मराठी वाचकांना ते ‘हळदीघाटची लढाई’ म्हणून परिचित आहे.

शासकीय सेवेत असताना ‘नोंद नाही तर हक्क नाही’ हे वाक्य मी किती अर्जदारांना ऐकविले असेल, याचा हिशेब नाही. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा कागद मागितला की समोरचा माणूस गोंधळून पाही. हळदीच्या खटल्यात तीच वेळ साऱ्या देशावर आली होती. आपण जिंकलो ते ज्ञान जुने होते म्हणून खरेच. पण ते कोणीतरी, कधीतरी छापून ठेवले होते, म्हणूनच ते सिद्ध करता आले.

पुढे त्यातून शहाणपण आले. २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्यास सुरुवात झाली. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी भाषांत मांडले गेले आणि २००९ पासून युरोपीय पेटंट कार्यालयाला ते तपासणीसाठी खुले झाले. २०११ च्या सुधारणेने अमेरिकी कायद्यातील परदेशी वापराविषयीचा भेदही काढून टाकला; ती मार्च २०१३ पासून लागू झाली.

तरीही एक भेद ध्यानी ठेवावा. दुसऱ्याचा खोटा हक्क खोडणे निराळे आणि आपला खरा हक्क नोंदविणे निराळे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो भारतापुरता. परदेशात संरक्षण हवे तर तेथील कायद्याप्रमाणे, तेथील कार्यालयात ते मागावे लागते. व्यापारचिन्हांसाठी २०१३ पासून माद्रिद करारान्वये एका अर्जातून अनेक देश निवडता येतात. पण मान्यता द्यायची की नाही, हे प्रत्येक देशच ठरवितो.

बेगम बाजारातील हमाल आजही बोटाला हळद लावील आणि कामाला लागेल. त्याच्यासारख्यांचे जे ज्ञान अजून कोणत्याच ग्रंथात आलेले नाही, त्याची नोंद कोणी करायची, हा प्रश्न मात्र हळदीच्या विजयाने सुटलेला नाही.