गादीखालची पट्टी आणि दाईच्या हातातले मणी



लेकरू तापानं फणफणलं की रात्री आपण काय करतो? त्याच्या शेजारी आडवं होतो आणि पोटावर हात ठेवतो. हात वरखाली होतोय ना, एवढंच बघायचं असतं. आपला डोळा लागला तरी तो हात जागा असतो. आज या जाग्या हाताचा इतिहास सांगणार आहे.

आता काही दवाखान्यांत हे काम गादीखाली ठेवलेली एक पातळ पट्टी करते. अंगाला वायर नाही, सुई नाही. पेशंट नुसता झोपला की मिनिटाला श्वास किती आणि हृदयाचे ठोके किती, ते पडद्यावर दिसतं. आपल्या देशात बेंगळुरूच्या ‘डोझी’ कंपनीनं अशी पट्टी बनवली. कंपनी सुरू झाली २०१५ साली. कोरोनाच्या साथीत खाटा भरल्या, नर्स कमी पडल्या, तेव्हा तिचा वापर वाढला.

हे चालतं कसं? बादलीतलं पाणी जोरात पुढं फेकलं की आपणही किंचित मागं ढकललो जातो. तसंच हृदयानं रक्त पुढं ढकललं की प्रत्येक ठोक्याला सगळं शरीर अगदी बारीक हलतं. श्वासानं छाती-पोट फुगतं, तेव्हा गादीवरचा दाब बदलतो. पट्टी या दोन्ही हालचाली टिपते. संथ, मोठी हालचाल श्वासाची आणि भरभर होणारी बारीक हालचाल ठोक्यांची.

ही गोष्ट पहिल्यांदा लिहून ठेवली ती १८७७ साली, इंग्लंडच्या गॉर्डन नावाच्या माणसानं. स्प्रिंगच्या वजनकाट्यावर स्थिर उभं राहिलं तरी काटा नाडीबरोबर थरथरतो, हे त्याच्या लक्षात आलं. पुढं अमेरिकेत डॉ. आयझॅक स्टार यांनी १९३९ च्या सुमाराला एक हलतं टेबल तयार केलं. त्यावर माणूस झोपवून ते ही थरथर कागदावर उतरवत. १९७० च्या दशकाच्या अखेरीला फिनलंडमध्ये झोपेत श्वास आणि ठोके टिपणारी गादी तयार झाली. वजनकाट्यापासून गादीपर्यंत यायला शंभर वर्षं लागली.

पण मैत्रिणींनो, ज्या घरात वीजच धड नाही, तिथं कसली पट्टी आणि कसला पडदा? तिथं श्वास कुणी मोजायचा? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत शोधलं गेलं.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथं ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावोगाव लहान मुलं न्यूमोनियानं दगावत होती. डॉक्टर लांब, एक्स-रे त्याहून लांब. पण न्यूमोनिया ओळखायची एक साधी खूण आहे: मुलाचा श्वास जलद चालतो. म्हणजे श्वास मोजता आला की आजार घरातच ओळखता येतो. त्यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना हे शिकवलं आणि औषधही त्यांच्याच हाती दिलं.

अडचण आली ती मोजणीची. अनेक दायांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पन्नास-साठपर्यंत मोजणं अवघड जात होतं. मग बंग दांपत्यानं एक साधन तयार केलं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेले मणी सरकले, तर श्वास जलद. बस्स, एवढंच. वीज लागत नाही आणि अक्षरही लागत नाही.

या कामाचा अहवाल १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जिथं हे काम झालं, त्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियानं होणारे मृत्यू शेजारच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. उपचार मिळालेल्या मुलांत शंभरामागं एकसुद्धा दगावलं नाही. शेजारच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या शंभरातली तेरा-चौदा दगावत होती.

लेकरं मणी सरकवल्यानं वाचली नाहीत. मणी सरकवणाऱ्या बाईच्या पिशवीत औषध होतं आणि ते द्यायचा अधिकार तिला होता, म्हणून ती वाचली. गादीखालच्या पट्टीचंही तेच आहे. पडद्यावर आकडा लाल झाला आणि उठून जाणारं कुणी नसेल, तर त्या पट्टीचा उपयोग काय?

आज आपल्या आशाताई नवजात बाळाच्या घरभेटीत श्वास मोजतात, तो याच वाटेनं आलेला वारसा आहे. आपणही शिकून घेऊ. मूल शांत किंवा झोपलेलं असताना, रडताना नाही, अंगावरचं पांघरूण बाजूला करून पूर्ण एक मिनिट पोटाकडं बघायचं. मोबाईलचं घड्याळ चालतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरला, तर पुन्हा एकदा मोजायचा. दोन महिने ते एक वर्षाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांना ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. खोकला-सर्दीत असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. छाती आत ओढली जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही; १०८ ला फोन करायचा.

आणखी एक. थंडीत आपल्या नातेपुत्याच्या आसपास ऊसतोडीची कुटुंबं येतात. त्यांची लेकरं उसाच्या फडाजवळ कोपीत झोपतात. त्यांची आशाताई तिकडं, मागं राहिलेल्या गावी. बचत गटाची बैठक झाली की दोघी-तिघींनी तिकडं एक फेरी मारावी, खोकणाऱ्या लेकराचा श्वास मोजावा, त्याच्या आईला मोजायला शिकवावं आणि जवळच्या आशाताईंचा नंबर देऊन यावा.

त्याला एक मिनिट लागतं, मैत्रिणींनो.