मागच्या डिफ्रेन्शियलमधून ऑइल गळतंय? आधी जागा ओळखा, मग सील बदला

सोयगाव : तालुक्यातून सिल्लोड किंवा छत्रपती संभाजीनगरकडे माल न्यायचा म्हटलं की फर्दापूरहून अजिंठा घाट किंवा वेताळवाडीकडून हळदा घाट चढावा लागतो. येताना तोच उतार. भरलेल्या पिकअपचा मागचा एक्सल अशा वेळी सगळ्यात जास्त ताण सोसतो. त्या एक्सलच्या मधोमध जो गोल, फुगीर भाग दिसतो ते डिफ्रेन्शियल. तिथून ऑइल गळू लागलं की बरेच जण वरून ऑइल टाकून गाडी पुढे रेटतात. पण गळती नेमकी कुठून आहे यावर सगळं अवलंबून आहे. एका जागेची गळती चार दिवस लक्ष ठेवून चालते, दुसऱ्या जागेची गळती ब्रेक घालवते.

डिफ्रेन्शियल काय काम करतं?

इंजिनाची ताकद प्रोपेलर शाफ्टमधून मागे येते. डिफ्रेन्शियलमधले क्राऊन आणि पिनियन ती दोन्ही चाकांना देतात. वळणावर बाहेरचं चाक जास्त आणि आतलं कमी फिरतं, तो फरकही इथेच सांभाळला जातो. क्राऊनचा खालचा भाग ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि फिरताना तो सगळीकडे ऑइल उडवतो. वेगळा पंप नसतो. त्यामुळे पातळी खाली गेली की बेअरिंग आणि दाते कोरडे पडतात.

बोलेरो, पिकअप, टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती, ओम्नी, ईको या गाड्यांची ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे त्यांना मागे डिफ्रेन्शियल असतं. अल्टो, स्विफ्ट, वॅगन आर यांची पुढची चाकं ओढतात. त्यांचं डिफ्रेन्शियल पुढे गिअरबॉक्सलाच जोडलेलं असतं. अशा गाडीच्या मागच्या चाकाजवळ ओल दिसली तर आधी ब्रेक ऑइलचा संशय घ्या.

हे डिफ्रेन्शियलचंच ऑइल आहे का?

- गिअर ऑइल जाड, चिकट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो.
- ब्रेक ऑइल पातळ असतं, तो उग्र वास नसतो. ते गळत असेल तर बोनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी उतरते.
- इंजिन ऑइल वाऱ्याने मागे उडून एक्सलवर बसू शकतं. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्सखालीही बघा.

जागा शोधायची सोपी पद्धत

पूर्ण हाउसिंग डिझेल आणि ब्रशने धुऊन कोरडं पुसा. त्यावर टाल्कम पावडर किंवा कोरडा चुना भुरभुरा. १५-२० किलोमीटर गाडी चालवून आणा आणि खाली बघा. पावडर जिथे पहिल्यांदा ओली झाली तीच गळतीची जागा. ऑइल खाली आणि मागे ओघळतं, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथेच दोष आहे असं धरू नका. सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधा.

कुठून गळतं आणि उपाय काय?

*१. ब्रीदर :* हाउसिंगच्या वरच्या बाजूला हवा जाण्यासाठी छोटं बोंडूक असतं. चालताना आतली हवा तापून फुगते, ती इथून बाहेर पडते. आपल्या काळ्या मातीचा चिखल त्यात वाळून बसला की हवा कोंडते आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकललं जातं. सील बदलूनही पुन्हा गळत असेल तर बहुतेकदा इथेच बघायचं राहिलेलं असतं. ब्रीदर काढून साफ करा, हवा आरपार जाते का बघा. हे काम जवळजवळ फुकटात होतं, म्हणून आधी हेच करा.

*२. प्लग आणि कव्हर :* प्लगचा वॉशर दबलेला असेल तर नवा टाका. कव्हर किंवा हाउसिंगच्या जोडातून गळत असेल तर पॅकिंग बदलावं लागतं. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून, जागा कोरडी करूनच नवं बसवा. वरून सिलिकॉन फासून उपयोग होत नाही.

*३. पिनियन सील :* प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडलेला आहे तिथली पुढची बाजू ओली असते. सील बदलण्याआधी शाफ्ट सुटा करून पिनियन वर-खाली हलवून बघायला सांगा. ढिला वाटला तर बेअरिंग गेलंय, अशा वेळी नवं सीलही टिकणार नाही. सील जिथे घासतं तिथे फ्लँजवर खाच पडली असेल तर फ्लँजही बदला. नट खोलण्याआधी त्यावर आणि फ्लँजवर खूण करून घ्यावी. बऱ्याच गाड्यांत हा नट किती कसायचा यावर बेअरिंगचा ताण ठरतो. एअर गनने अंदाजे कसला तर बेअरिंग आवाज करू लागतं.

*४. एक्सल सील :* ही सगळ्यात धोक्याची गळती. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते आणि ऑइल ब्रेक ड्रममध्ये उतरतं. लायनर भिजले की ब्रेक घसरतो किंवा गाडी एका बाजूला ओढते. भरलेली गाडी घेऊन घाट उतरूच नका. सीलसोबत बेअरिंग तपासा आणि भिजलेले लायनर बदला. ते धुऊन किंवा जाळून परत बसवू नका. लायनर दोन्ही चाकांचे एकदम बदला, म्हणजे ब्रेक सारखा लागेल.

पातळी आणि ऑइल

गाडी सपाट जागेवर हवी. आधी वरचा भरायचा प्लग उघडा, तो उघडला तरच खालचा प्लग खोला. वरचा जाम निघाला आणि ऑइल सांडून गेलेलं असलं तर पंचाईत होते. भोकाच्या खालच्या कडेला ऑइल लागलं की पातळी बरोबर. त्याहून जास्त भरलं तरी गळतं.

बऱ्याच गाड्यांना ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० ग्रेडचं, जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. आपल्या गाडीचं नेमकं कोणतं, ते गाडीच्या पुस्तिकेत बघूनच घ्या. गळती थांबावी म्हणून कुणी ग्रीस भरायला सांगेल, पण ग्रीस उडून बेअरिंगपर्यंत पोचत नाही.

काढलेलं ऑइलही बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात तापलेली गाडी फरशी पुलावरच्या पाण्यात घातली की हाउसिंग एकदम थंड होऊन पाणी आत ओढतं. असं ऑइल पूर्ण बदला. प्लगच्या चुंबकाला बारीक काळा लेप असणं नेहमीचं आहे. चकचकीत तुकडे निघाले तर दाते किंवा बेअरिंग तुटतंय.

गाडीखाली जाण्याआधी

हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांनाच लागतो. मागची बाजू उचलली की तो गाडी धरत नाही. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि एक्सलखाली मजबूत घोडी लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका. चालून आल्यावर हाउसिंग आणि ऑइल चटका बसेल इतकं तापलेलं असतं, थोडं निवू द्या. काढलेलं ऑइल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका, कॅनमध्ये भरून ठेवा.

कधी थांबायचं?

- नुसती ओल आहे, थेंब पडत नाही : ब्रीदर साफ करा, दर आठवड्याला पातळी बघा.
- उभ्या गाडीखाली थेंब पडतात : लांबच्या फेरीआधी दुरुस्ती करा.
- चाकाच्या आतून ओल, मागून घों-घों आवाज किंवा हाउसिंगला तडा : गाडी उभी करा, मेकॅनिकला जागेवर बोलवा.

सील आणि ऑइलचा खर्च किरकोळ असतो. क्राऊन-पिनियन बदलायची वेळ आली तर हजारोंचा फटका बसतो, शिवाय हंगामात गाडी दारात उभी राहते ती वेगळीच.