सहावा गठ्ठा

कुठल्याही तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात डोकावलात तर लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे दिसतील. त्यांना रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागदही असेच हजारो रुमालांत आहेत. इंग्रजांनी ते जपले, त्यात इतिहासप्रेम फारसं नव्हतं. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि कोणाचं इनाम खरं, कोणाचं खोटं हे तपासायला जुनं दफ्तर हवं होतं. इतिहासकारांचा नंबर फार उशिरा लागला. गो. स. सरदेसाईंनी निवडक कागदांचे ४५ खंड काढले ते १९३०च्या दशकात.

ठेवायची सवय अशी जुनी. टाकायची मात्र नव्हती. नियमात वर्ग होते: ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘ड’ वर्षभर. पण कागद टेबलाखाली आणि कपाटावर साचतच राहायचे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी प्रत्येक कारकुनाला सहा गठ्ठे करायला लावले. निर्णय बाकी असलेली प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जाणारी आणि सहावा, नष्ट करायचा. खरी गंमत शेवटच्या दोन गठ्ठ्यांत आहे. काम संपलं की या कागदाचं आयुष्य किती, हे ज्याने तो हाताळला त्यानेच तिथल्या तिथे ठरवायचं.

पनवेल तालुक्यात हे पोटापाण्याचं प्रकरण आहे. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी गावागावांतली शेतं गेली. साडेबारा टक्क्यांचा भूखंड मागणाऱ्या वारसाला जमीन आजोबांचीच होती हे जुन्या सातबारा-फेरफारावरून दाखवावं लागतं. कोण्या तलाठ्याने तो कागद ‘अ’मध्ये टाकला होता, म्हणून तो सापडतो.

याच पनवेलमध्ये २०२०मध्ये योट्टाचं डेटा सेंटर सुरू झालं, सात हजारांवर रॅकच्या क्षमतेचं. जागा इतकी स्वस्त झाली की ‘ड’ वर्ग ठरवायचे कष्ट कोण घेणार? आपल्या फोनमध्ये आजोबांचा सातबारा आणि शुभ सकाळचा गुलाब एकाच फोल्डरमध्ये असतात, दोघांचंही नाव म्हणजे नुसते आकडे. ‘स्टोरेज फुल’ आलं की आपण सगळ्यात जड ते आधी उडवतो. लखिनांच्या कारकुनाला वजन बघून कागद फाडायची मुभा नव्हती. सातबाऱ्याच्या फोटोला गाव आणि गट क्रमांकाचं नाव द्यायला अर्धा मिनिट लागतो.