सलिव्हन यांची दोन स्वप्ने

रंजनासाठी केलेली कला कमी प्रतीची असते काय? आर्थर सलिव्हन यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न आमच्या मनात उभा राहतो. इंग्लंडच्या राजचॅपेलमध्ये बालगायक म्हणून वाढलेल्या या संगीतकाराला कीर्ती दिली ती गिल्बर्ट यांच्यासह रचलेल्या विनोदी संगीतिकांनी. १८८५ मधील ‘मिकाडो’चे सलग ६७२ प्रयोग झाले. त्यांना ओढ मात्र गंभीर ऑपेराची आणि धर्मसंगीताची. १८९१ मधील ‘आयव्हॅन्हो’ हा भव्य ऑपेरा दीडशेहून अधिक प्रयोगांनंतर मागे पडला. परंतु ‘ऑनवर्ड, ख्रिश्चन सोल्जर्स’ या भक्तिगीताला त्यांनी १८७१ मध्ये दिलेली साधी चाल आजही चर्चमध्ये गायिली जाते. २२ नोव्हेंबर १९०० रोजी, संगीताची आश्रयसंत सिसिलिया हिच्या सणादिवशी, ते निवर्तले. देवदत्त देणगीत थोर-लहान ठरवणारे आम्ही कोण?