कलेक्टर आणि मॅजिस्ट्रेट

राज्यकारभाराची अंगे कोणती असे विचारले, तर विधिमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ ही तीन नावे शाळकरी मूलही घडाघडा म्हणून दाखवील. परंतु मुंबईस विधानभवन, मंत्रालय व हायकोर्ट अशा तीन इमारती उभ्या आहेत, एवढ्यावरून ही अंगे खरोखर निराळी झाली असे समजावयाचे कारण नाही. त्याची परीक्षा तालुक्याच्या गावी होते. ज्याच्या हुकमाने माणूस पकडला जातो, त्यानेच त्याचा न्याय करावयाचा की दुसऱ्या कोणी, हा तो प्रश्न. आपल्या धुळ्याला या प्रश्नाचा दोनशे वर्षांचा अनुभव आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे कारभाराचे मुख्य ठिकाण निवडले. पुढे येथे जो कलेक्टर बसू लागला, त्याच्या नावाचा अर्थच मुळी वसूल गोळा करणारा. परंतु तोच जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेटही असे. १९०६ साली पूर्व व पश्चिम असे खानदेशाचे दोन जिल्हे झाले. एका कलेक्टरचे दोन झाले, व्यवस्था तीच राहिली. प्रांतसाहेब पहिल्या वर्गाचे मॅजिस्ट्रेट, मामलेदारही मॅजिस्ट्रेट. ज्या मामलेदाराने सारा वसूल करावयाचा, त्याच्याच पुढे फौजदारी खटले चालावयाचे. जिल्ह्याचे पोलीस कलेक्टरच्या नियंत्रणाखाली, मामलेदाराची बढती कलेक्टरच्या शेऱ्यावर, आणि खालच्या मॅजिस्ट्रेटाने दिलेल्या शिक्षेवरचे अपीलही पुष्कळदा कलेक्टरपुढेच. फिर्याद, शिक्षा आणि अपील ही सारी एकाच घरची! मामलेदार मनाने कितीही सरळ असो, पोलिसांनी आणलेला आरोपी सोडताना त्याला वरच्या साहेबाची आठवण होणारच.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचने केली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे आपणांस ठाऊकच आहे. ती ऐकणाऱ्या सत्याग्रहींना शिक्षा फर्मावल्या गेल्या, त्या याच व्यवस्थेच्या काळात.

ही दोन कामे वेगळी करा, अशी मागणी काँग्रेसने १८८६ सालच्या आपल्या दुसऱ्याच अधिवेशनात केली होती. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचा दरारा जाईल, हे सरकारपक्षाचे उत्तर पन्नास-साठ वर्षे टिकले. नोव्हेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत या फारकतीची तरतूद मांडली. प्रथम तीत तीन वर्षांची मुदत होती. दुसऱ्याच दिवशी ती मुदत काढून टाकण्यात आली. राहिले ते आजचे पन्नासावे कलम. ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्याच्या आधारे कोर्टात दाद मागता येत नाही. मुदत गेली याचे मला आजही वाईट वाटते. परंतु मुंबई राज्याने वाट पाहिली नाही, हे नमूद केले पाहिजे. खेर मंत्रिमंडळाच्या कारकीर्दीत, १९५१ साली, फारकतीचा कायदा झाला व १९५३ साली तो अमलात आला. खटले चालविणारे मॅजिस्ट्रेट हायकोर्टाच्या देखरेखीखाली गेले. कलेक्टर, प्रांत व मामलेदार कार्यकारी मॅजिस्ट्रेट म्हणून उरले. साऱ्या देशाला ही व्यवस्था १ एप्रिल १९७४ पासून, नव्या फौजदारी संहितेने मिळाली.

उरले म्हणजे काय उरले, हे मात्र संघटनेचे काम करणाऱ्याला विचारावे. जमावबंदीचा हुकूम कार्यकारी मॅजिस्ट्रेटच काढतो. शांतता भंग होईल या संशयावरून मुचलका मागावयाचा, ज्याला आपण चॅप्टर केस म्हणतो, तीही त्याच्याचपुढे चालते. तडीपारीचा हुकूम प्रांत काढू शकतात, दोन वर्षांपर्यंतचा. आणि त्यावरचे अपील राज्य सरकारकडे, म्हणजे पुन्हा कार्यकारी मंडळाकडेच! त्यानंतर हायकोर्ट.

या अधिकाराला आव्हान दिले मधू लिमये यांनी. हेच लिमये १९४० साली युद्धविरोधी प्रचाराबद्दल धुळ्याच्या तुरुंगात येऊन पडले होते. मुंगेरच्या मॅजिस्ट्रेटविरुद्धच्या त्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९७० साली निकाल दिला. कलमे घटनाबाह्य ठरली नाहीत. परंतु माहितीच्या खरेपणाची चौकशी सुरू केल्याविना मॅजिस्ट्रेटाने अंतरिम मुचलका मागू नये, असे कोर्टाने बजावले. १९७४ साली आलेल्या संहितेच्या कलमातच मग ती अट घातली गेली.

एका संपात मला व तीन हमालांना अशीच नोटीस आली. समोरच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर आमच्या कागदांशेजारी शेतसाऱ्याचे कागद पडले होते. चौकशी नाही, साक्षीदार नाही. मुचलक्याचे छापील कागद मात्र तयार होते. मी तो निकाल वाचलेला होता, म्हणून आधी चौकशी सुरू करा असे म्हणू शकलो. हमालांनी अंगठे उठवले. तारखांना येत राहिलो तर दर वेळी रोजी बुडेल, एवढाच त्यांचा हिशेब होता, आणि तो चूक नव्हता. बाहेर आल्यावर त्यांतला एक मला म्हणाला, "भाऊ, हे कोर्ट होतं का कचेरी?" मला चटकन उत्तर देता आले नाही.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. मुचलक्याचे कलम १०७ होते ते १२६ झाले, जमावबंदीचे १४४ होते ते १६३ झाले. नोटीस अजूनही त्याच कचेरीतून येते.