पाऊस जायची तारीख



कर्जत-खालापूरच्या बायकांना पावसाचं वेळापत्रक कुणी शाळेत शिकवलं नाही. ते कामातून कळत गेलं. उन्हाळ्यात राब भाजायचा. रोहिणी लागायच्या आत सरपण, गोवऱ्या, वाळवणं, सुकट घरात घेऊन अगोट भरायची. मृगात पेरणी, पुढे आर्द्रा-पुनर्वसूत आवणी. हत्तीचा पाऊस गडगडून गेला की हळव्या भाताला विळा लावायचा. गरवं भात दिवाळीच्या पुढेमागे. आपल्या आज्या-सासवांनी सगळं वर्ष असं नक्षत्रांवर बांधलेलं होतं.

पावसाचं दुसरं वेळापत्रक सरकारी. भारतीय हवामान विभाग प्रत्येक भागासाठी पाऊस यायची आणि परत फिरायची सर्वसाधारण तारीख ठरवतो. आपल्याला मुंबईची तारीख जवळची. कित्येक वर्षं ती यायला १० जून आणि जायला २९ सप्टेंबर अशी होती. या तारखा १९०१ ते १९४० या काळातल्या नोंदींवरून काढलेल्या होत्या. म्हणजे आपल्या पणज्यांच्या काळातला पाऊस आपण आपला म्हणून धरत होतो.

२०२० साली विभागाने अलीकडच्या काही दशकांच्या नोंदी तपासून तारखा बदलल्या. मुंबईत पाऊस यायची तारीख ११ जून झाली आणि जायची ८ ऑक्टोबर. यायची तारीख एकच दिवस सरकली, जायची मात्र नऊ दिवस. पाऊस जाता जात नाही, हे आपण बांधावर किती वर्षं बोलत होतो! २०२० मध्ये ते कागदावर आलं.

नऊ दिवसांनी काय बिघडतं? ज्याचं शेत खोलगट आहे, गरवं भात आहे, त्याचं एखाद्या वेळी भागेल. माळाच्या, उथळ शेतात पाणी टिकत नाही, म्हणून तिथे हळवंच लावावं लागतं. आपल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राचं कर्जत-३ हे असंच लवकर तयार होणारं वाण. ते पिकून उभं राहतं नेमकं सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला. अशी उथळ शेतं बहुधा कमी जमीनवाल्यांकडे, वाड्यांवरच्या आपल्या बहिणींकडे असतात. पाऊस लांबला की पहिला फटका त्यांना बसतो.

२०१९ ची दिवाळी आठवा. २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं आणि समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ होतं. कापून ठेवलेलं भात शेतातच भिजलं, लोंब्यांना कोंब आले. पेंढा काळा पडला, गुरांनी तोंड लावलं नाही. त्या नोव्हेंबरात राज्यात खरिपाच्या पिकांसाठी हेक्टरी ८ हजार रुपयांची मदत जाहीर झाली, तीही २ हेक्टरपर्यंत. हिशेब करू. एक हेक्टर म्हणजे साधारण १०० गुंठे, म्हणजे गुंठ्याला ८० रुपये. २० गुंठेवालीच्या वाट्याला १६०० रुपये. रोजगार हमीची त्या वर्षीची मजुरी दिवसाला २०६ रुपये होती. चार महिन्यांच्या शेतीची भरपाई आठ दिवसांच्या मजुरीएवढीही नाही.

आता सुरुवातीचं बघू. सरासरी तारीख एकच दिवस हलली, म्हणून सुरुवात जागेवर आहे असं समजू नका. २०२३ साली मुंबईत पाऊस पोहोचला २५ जूनला. २०२५ साली पोहोचला २६ मे रोजी. दोन वर्षांत एक महिन्याचा फरक! एकदा बियाणं घेऊन आभाळाकडे बघत बसायचं, एकदा अगोट भरायच्या आत अंगणात चिखल. सरासरी काढली की दोन्ही वर्षं ठीकच दिसतात.

आणि मधला पाऊस? तो थोड्या दिवसांत फार पडतो, तेव्हा डोंगर सुटतो. आपल्या रायगड जिल्ह्याने २००५ मध्ये जुई आणि दासगाव पाहिलं, २०२१ मध्ये तळिये पाहिलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरात इरशाळगडाखालची इरशाळवाडी गेली. त्याआधीच्या तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. सपाट अंगणात साठवला तर गुडघाभर होईल एवढा. २७ जणांचे मृतदेह सापडले, ५७ जण सापडलेच नाहीत. दरडीच्या धोक्याच्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, हे तेव्हा विधिमंडळात सांगितलं गेलं. तारखा असोत की याद्या, जुन्या माहितीवर बनलेल्या कागदाला आजचा पाऊस माहीत नसतो.

म्हणून आजची नोंद आपण ठेवायची. आज बोलायचं म्हणून आम्ही बचत गटांच्या जुन्या वह्या चाळल्या. कर्ज कशासाठी, हे प्रत्येकीच्या नावापुढे लिहिलेलं असतं. मे-जूनमध्ये बियाणं, खत, मुलांची शाळा, हे सगळ्याच वर्षांत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ताडपत्री आणि विकतचा पेंढा, ही कारणं मात्र अलीकडच्या वह्यांतच दिसतात. पावसाचा इतिहास आपल्याच सह्या-अंगठ्यांनिशी लिहिला गेला आहे.

त्याच वहीत एक पान पावसाचं ठेवूया. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट तळाचा डबा झाडा-छपरापासून लांब, उघड्यावर ठेवायचा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजून लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. शेजारी लिहायचं: पेरणी कधी, आवणी कधी, कापणी कधी, भिजलं किती. डोंगराखालच्या वाड्यांनी तर हा आकडा रोज एकमेकींना कळवावा. आणि सलग दोन-तीन दिवस मोठा पाऊस झाला, जमिनीला भेग दिसली किंवा झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, तर रात्र व्हायची वाट न बघता खाली उतरायचं.

भात भिजलं तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा. पीक विमा असेल तर नुकसान कसं आणि किती वेळात कळवायचं, याचा त्या वर्षीचा नियम आधीच विचारून ठेवा. पंचनाम्याला माणूस येईल तेव्हा वही पुढे ठेवा. आणि जमेल तिथे सातबाऱ्यावर आपलं नाव लावून घ्या, कारण भरपाई नावावर येते.

येत्या बैठकीत पान आखून घ्या. पहिली नोंद कोण करणार, तेही तिथेच ठरवा.