झखाकू हिंदीतच बोलन

मूर्तिजापूरहून निघालेली शकुंतला तुम्हाला यवतमाळला उतरवते, तेव्हा साल १९८९ आहे आणि तुमच्या कॉलरवर कोळशाची काजळी बसलेली आहे. इंजिन वाफेचं, १९२१ मध्ये मँचेस्टरला घडवलेलं. अजून पाच वर्षं ते असंच धापा टाकत ओढणार आहे, डिझेल येईल ते १९९४ मध्ये. ११३ किलोमीटरची ही अरुंद लाइन इंग्रज कंपनीनं कापसासाठी टाकली होती. तिच्याकडे बघत बसू नका. ज्या घराचा अँटेना सगळ्यात उंच बांबूवर बांधलाय, तिकडे चला. आज अंतराळात जायचंय.

चपलांचा ढीग ओलांडून आत शिरलात तर तुम्ही कोण, कुठले, हे कोणी विचारत नाही. "बसा जी," घरची बाई म्हणते आणि पुढं दाटी करून बसलेल्या पोट्ट्यांवर ओरडते, "सरका ना बे, पावण्याले दिसू द्या!" टीव्ही शटरवाल्या लाकडी खोक्यात आहे. चित्र काळंपांढरं, पण काचेवर रंगीत प्लास्टिक लावलंय, वर निळं आणि खाली हिरवं. त्यामुळं पडद्यावरच्या प्रत्येकाचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी दिसते. माणूस कोणता आणि परग्रहावरचा कोणता, हे रंगावरून ओळखायची सोय राहिलेली नाही.

दूरदर्शनवरची 'स्पेस सिटी सिग्मा' ही मालिका सुरू होते. बटणं लुकलुकतात, दारं सरकतात. कॅप्टन तारा हुकूम सोडतो तो हिंदीत आणि शत्रू झखाकू धमकावतो तोही हिंदीत. आकाशगंगेच्या दोन टोकांना एकच भाषा, आणि ती नेमकी दिल्लीहून प्रक्षेपणाला सोयीची.

हसू येत असेल तर जरा थांबा, बाहेरच्यांनी फार वेगळं केलेलं नव्हतं. बीबीसीनं १९६३ मध्ये 'डॉक्टर हू' सुरू केलं. पहिल्याच कथेत मंडळी अश्मयुगात जातात आणि तिथली गुहेतली माणसं खुशाल इंग्रजी बोलतात. त्या कथेचा दिग्दर्शक होता लखनौला जन्मलेला वारिस हुसेन. म्हणजे कॅमेऱ्यामागं आपला माणूस होता, कॅमेऱ्यासमोर मात्र भाषा साहेबाचीच. दूरदर्शननं ऐंशीच्या दशकात दाखवलेल्या 'स्टार ट्रेक'चं कौतुक खरं आहे. यानाच्या नियंत्रणकक्षात कृष्णवर्णीय स्त्री, जपानी वंशाचा चालक, पुढं रशियनही. पण १९६७ मध्ये उत्तर भारतातला शीख दाखवायची वेळ आली, तेव्हा खान नूनियन सिंगची भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्दो मोंताल्बान यांच्याकडे गेली. काम त्यांनी झकास केलं, तो वाद नाही.

तुमच्या मांडीला मांडी लावून बंजारा तांड्यावरचा एक पोरगा बसलाय. घरी तो गोरमाटी बोलतो, गल्लीत वऱ्हाडी, शाळेच्या पुस्तकात प्रमाण मराठी वाचतो, आणि आता डोळे विस्फारून हिंदी ऐकतोय. भविष्यकाळ त्याच्या वाट्याला चौथ्या भाषेत आलाय. शेजारच्या तालुक्यातल्या कोलाम आदिवासी पोराचाही हिशेब असाच निघेल.

ऐन लढाईत लाइन जाते. घरभर एकच सुस्कारा. मग कोपऱ्यातून आजीचा आवाज येतो, "काय म्हणते थो?" आणि तोच पोरगा सांगू लागतो. कॅप्टन तारा आता वऱ्हाडीत गुरकावतो, झखाकूच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. मूळ भागात नसलेली एक बैलगाडीसुद्धा आडवी येते. आजी मधेच विचारते, "मंग त्याची माय कुठी रायते?" यावर सिग्माच्या लेखकानं विचार केला असेल असं वाटत नाही.

लाइन येईपर्यंत आणखी मागं जाऊन या. १९७४. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेकडे 'कृष्णविवर' नावाची कथा आली आहे. लेखक नारायण विनायक जगताप. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखित पत्नीकडून लिहून घेतलेलं, आणि नावाची आद्याक्षरं उलटी वाचली तर खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. कथेला बक्षीस मिळतं. म्हणजे कागदावर मराठी माणूस कृष्णविवरापर्यंत पोचला होता, तेही स्वतःच्या भाषेत. पडद्यावर मात्र नारळीकरांची 'ब्रह्मांड' ही मालिकाही हिंदीतच आली आणि १९९८ मध्ये मिलिंद सोमण 'कॅप्टन व्योम' झाला तोही हिंदीत. मराठीचा कोणी द्वेष केला असं नाही. यानं, पोशाख, करामती यांचा खर्च जाहिरातदारांकडून काढायचा, तर देशभरचा प्रेक्षक हवा. प्रादेशिक वेळेच्या तुकड्यात तो कुठून मिळणार? तरीही हिशेब कळला म्हणून हळहळ जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सिग्मा उभं राहतं. उलट्या खाटेचं यान, सायकलच्या टायरचं सुकाणू. कॅप्टन तारा वऱ्हाडीतच बोलणार, यावर कालच एकमत झालंय. भांडण लागलंय ते झखाकूवरून.

"झखाकू हिंदीतच बोलन," तांड्यावरचा पोरगा ठामपणे सांगतो.

"काहून?"

"आपल्यासारका बोलला त भेव वाटते का बे?"

एक पोरगी ऐकून घेत नाही. तिच्या मते भेव दाखवायचं तर तिची मोठी आई पुरेशी आहे आणि तिला हिंदीचा एक शब्द येत नाही. वाद चिघळतो. तुम्ही मोठेपणानं मध्ये पडता. "मित्रांनो, आपण असं करू या का, दोघांनाही आळीपाळीनं संधी देऊ या."

क्षणभर सगळे तुमच्याकडे बघतात. मग पोरगी निकाल लावते.

"तुमी यानातला कॉम्प्युटर व्हा जी. तुमी तसेच बोलता."